तालमीच्या गावात साठीनंतरचे गुडघे

पायरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या बायका सगळ्यात जास्त, त्यांच्या मागोमाग निवृत्त पुरुष, आणि बहुतेकांची तक्रार एकच, गुडघे. हातात एक्स-रेचा लिफाफा असतो आणि तोंडी ठरलेलं वाक्य : "वंगण संपलंय म्हणे, आता जपून राहायचं." या जपून राहण्याबद्दलच मला इथं बोलायचंय. झिजेनं माणूस जेवढा घरात बसतो, त्याहून लवकर तो या जपण्यानं बसतो, हे मी रोज बघते.

आधी जोतिबाच्या पायऱ्या सुटतात. मग महाद्वार रोडच्या गर्दीतून अंबाबाईपर्यंत चालणं नको वाटतं. केएमटीच्या (शहर बसच्या) दाराची पायरी उंच वाटायला लागते, म्हणून बहिणीकडं जाणं कमी होतं. पंगतीत बसता येत नाही म्हणून लग्नाला नुसतं तोंड दाखवून परतायचं, पुढं तेही नको. शेवटी माडीवरचं अंथरूण सोप्यात येतं. प्रत्येक टप्प्यावर घरच्यांना वाटतं, आपण काळजी घेतोय. "आई, तू उठू नकोस, मी देतो" हे प्रेमानंच म्हटलेलं असतं. पण न उठणाऱ्या माणसाच्या मांडीचा स्नायू वाळत जातो. तो वाळला की चालताना बसणारा हिसका थेट सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, आणि मग आणखी न उठण्याला कारण मिळतं.

सांध्यात नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगते. हाडांच्या टोकांवर कूर्चा, म्हणजे एक गुळगुळीत, लवचिक थर असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टाकलं की दाब येतो, उचललं की सुटतो, आणि या येण्याजाण्यातच द्रव आतबाहेर करतो. पाय हललाच नाही तर हे पोषणही थंडावतं. शिवाय सांध्याच्या झिजेच्या या आजारात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) एकटी कूर्चाच बिघडते असं नाही. खालचं हाड, सांध्याचं अस्तर, स्नायू, सगळ्यांचाच त्यात भाग असतो. कूर्चा आपल्या हातात नाही, स्नायू मात्र आहेत, आणि ते सत्तरीतही वाढतात.

हे माझ्या मनचं नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये या आजाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली. त्यांत उपचारात्मक व्यायाम सगळ्यांना द्यावा असं म्हटलंय. वय, झिजेचं प्रमाण, दुखण्याची तीव्रता, कशाचाही अपवाद नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारसही तीच. आपल्याकडं मात्र व्यायामाचा कागद गोळ्यांच्या चिठ्ठीच्या मागं टाचलेला असतो आणि घरी गेल्यावर फ्रिजवर जाऊन बसतो.

आता कोल्हापूरबद्दल. आपल्याकडं गुडघेदुखी म्हटलं की सल्ला ठरलेला, रंकाळ्याला फिरायला जा. चांगलाच सल्ला आहे. रंकाळा, विद्यापीठाचा परिसर, कळंबा तलाव, महावीर उद्यान, सकाळी सगळीकडं ज्येष्ठ मंडळी दिसतात आणि बघून बरं वाटतं. पण चालण्यानं दम वाढतो, मांडीत म्हणावी तशी ताकद येत नाही. खुर्चीतून उठायला, जिना उतरायला, न्हाणीत तोल सांभाळायला ताकद लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत पासष्टीनंतरच्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि सोबत दोन दिवस ताकदीचा व तीन दिवस तोलाचा व्यायाम. पहिला भाग आपण उचलला, बाकीचे दोन सोडून दिले.

मला याचंच वाईट वाटतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या, १९१२ मध्ये खासबाग मैदान झालं. ताकद कमवावी लागते हे या गावाला कुणी शिकवायला नको. आणि त्याच गावात साठीच्या बाईला कुणी ताकदीचा व्यायाम सांगितला की घरचे म्हणतात, "आता या वयात?" याच वयात. स्नायू आपोआप घटायला लागतात ते याच वयात.

सुरुवात कशानं करायची? माझा भर एकाच गोष्टीवर असतो, खुर्चीतून उठणं-बसणं. हात असलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची नको, ती सरकते. थोडं पुढं सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागं घ्या, छाती पुढं झुकवा आणि उठा. बसताना घाई नको. बहुतेक जण शेवटच्या चार बोटांवर स्वतःला सोडून देतात आणि धप्पकन बसतात. खरा व्यायाम त्या चार बोटांतच आहे. तिथं मांडी थरथरते, ती थरथरू द्या. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, हातांचा आधार घ्या. जमायला लागलं की आधी हात सोडा, मग उशी काढा.

याच्या जोडीला, बसल्या जागी एक पाय सरळ करून क्षणभर धरून ठेवणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं (कंबरेच्या बाजूचे स्नायू गुडघ्याला सावरतात हे कुणाच्या लक्षातच येत नाही), आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत टाचांचा व्यायाम उरकतो. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, अशा दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एखादा दिवस सोडून. सोपं वाटायला लागलं की घोट्याला वाळूची पिशवी बांधायची. सोपं झाल्यावरही तेच करत राहिलं तर ताकद तिथंच थांबते.

दुखलं तर काय करायचं, हा प्रश्न येणारच. शून्य ते दहा असा अंदाज धरा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना पाचपर्यंतचं दुखणं चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवं. झालं नाही तर पुढच्या खेपेला फेऱ्या कमी करा, बंद करू नका. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत सोडून दिलं तर हाती काही लागत नाही.

गुडघा एकदम सुजला, लाल झाला, गरम लागतोय, ताप आहे, सांधा अडकून बसतोय, पोटरी अचानक सुजली किंवा चालताना छातीत दुखलं, तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, हातांची बोटंही सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि त्यात उशीर परवडत नाही.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तशी उत्तरं देते.

---

राजारामपुरी सातवी गल्ली

ताई, फार गरजेच्या वेळी धागा काढलात. आई ७१ वर्षांची आहे. एक्स-रेत ग्रेड तीन आलंय आणि ते ऐकल्यापासून ती खचून गेलीय. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. खाली उतरायचं नाही असं तिनं स्वतःच ठरवून टाकलंय. भाजीवाला दारात आला तरी पिशवी दोरीनं सोडते. जिना उतरू द्यावा का? तळमजल्यावर भाड्यानं जागा बघावी का, इथपर्यंत आमची चर्चा गेलीय.

---

पायरी

जागा लगेच बदलू नका. एक्स-रेवरची शून्य ते चार ही प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये मांडली. ती हाडांमधली जागा आणि हाडाला फुटलेले कोंब बघते, माणसाला किती दुखतंय ते बघत नाही. ग्रेड चार असून रोज बाजार करणारे लोक मी बघितलेत, आणि ग्रेड एकवर अंथरूण धरलेलेही. नाइसच्या त्याच मार्गदर्शनात पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाला लक्षणं ठरावीक असतील तर निदानासाठी एक्स-रेची सहसा गरजही नाही असं म्हटलंय. आईंना हे नीट समजावून सांगा. त्या आकड्याचा धसका गुडघ्याच्या दुखण्याहून जास्त नुकसान करतोय.

जिन्याची रीत अशी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठड्याला एक हात, एका पायरीवर दोन्ही पावलं टेकली की मगच पुढची. पहिल्या आठवड्यात फक्त मधल्या वळणापर्यंत जाऊन परत या. वळणावर एक स्टूल ठेवता आलं तर बघा, शेजारी नाही म्हणणार नाहीत. खुर्चीचा व्यायाम महिनाभर झाला की पूर्ण जिना. आणि ती दोरीची पिशवी बंद करा. त्यांना भाजी स्वतः निवडू द्या.

---

मंगळवार पेठ

मी जुना पैलवान. पोरवयात तालमीत गेलो, जोर-बैठका कधी मोजल्या न्हाईत. आता गुडघं दुखत्यात, उठताना कडाकडा वाजत्यात. डॉक्टर म्हणाले बैठका बंद. बंद केल्या तर मांड्या पार वाळल्या, जुनी विजार ढगळ व्हायला लागली. तुम्ही म्हणताय ते पटतंय, पण परत बैठका माराय चालत्यात काय? का उगं हाडं मोडून घ्यायची?

---

पायरी

दादा, तालमीतली पूर्ण बैठक, टाचा उचलून खालपर्यंत जायचं आणि वर उसळी मारायची, ती सध्या नको. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर दाब फार येतो. पण बैठकच नको असं नाही. खुर्चीतून उठणं ही अर्धी बैठकच आहे. तुमच्या अंगात लय आहे, श्वास कधी घ्यायचा ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही इतरांपेक्षा लवकर पुढं जाल. उंच खुर्चीपासून सुरू करा, मग साधी खुर्ची, मग पाठ भिंतीला लावून अर्ध्यापर्यंत. जिथं दुखणं पाचच्या वर जातं, तिथून चार बोटं वर थांबायचं. दर पंधरा दिवसांनी बघा, ती जागा खाली सरकलेली असेल.

कडाकडा आवाजाची काळजी करू नका. दुखत नसेल, सूज नसेल तर नुसत्या आवाजानं काही बिघडत नाही.

---

मंगळवार पेठ

झकास. आमची तालीम दुपारची रिकामीच असतीया. पोरं पहाटं आणि सांजच्याला येत्यात. वस्तादांना विचारतो, दुपारी चार म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन बसली तर चालंल का म्हणून. मातीत न्हाई, वरच्या हॉलमध्ये.

---

नागाळा पार्क

थोडी शंका मांडतो, रागावू नका. कूर्चा झिजली आहे म्हणजे हाड हाडाला घासतंय. त्यावर आणखी हालचाल म्हणजे आणखी घासणं नाही का? आणि व्यायामाचा उपयोग खरंच मोजलेला आहे, की सगळे म्हणतात म्हणून आपणही म्हणायचं? मी वर्षभर ग्लुकोसामाइनच्या गोळ्या घेतोय. त्याबद्दलही सांगा.

---

पायरी

शंका रास्त आहे आणि उत्तर सरळच द्यायला हवं.

मोजलेलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं गुडघ्याच्या झिजेवरच्या व्यायामाचा आढावा नव्यानं प्रसिद्ध केला. १३९ चाचण्या, बारा हजारांहून जास्त रुग्ण. निष्कर्ष असा की वेदना, हालचाल आणि जीवनमान या तिन्हींत थोड्या काळात सुधारणा होते. पण सरासरी सुधारणा बेताची आहे, आणि ती प्रत्येकाला ठळक जाणवण्याइतकी असेल का, याची खात्री ते देत नाहीत. व्यायामानं गुडघा नवा होतो असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मीही तसं म्हणत नाही.

तरीही मी व्यायामच पहिला का सांगते? सरासरीत रोज करणारे आणि चार दिवसांत सोडणारे दोघंही येतात. दुसरं, योग्य प्रमाणातल्या व्यायामानं झीज भराभर वाढते असं दिसलेलं नाही. गंभीर त्रास विरळा, उलट साखर, रक्तदाब, झोप, मन, पडण्याची भीती या सगळ्यांना त्याच अर्ध्या तासाचा फायदा मिळतो. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं कशी बिघडतात ते आपण घरोघरी बघतोच.

ग्लुकोसामाइन घेऊ नये असं नाइस आणि अमेरिकेतली संघटना, मी वर सांगितलेल्या या दोन्ही ठिकाणी स्पष्ट लिहिलंय. तो पैसा वाचवा. गुडघ्याला लावायचं सूज उतरवणारं मलम मात्र कामाचं आहे, डॉक्टरांना विचारून घ्या. शेक बरा वाटत असेल तर जरूर घ्या, सोबत व्यायाम हवाच. घरात तेल चोळायची पद्धत असेल तर चोळा, मायेचा हात लागतो तेही काही कमी नाही, पण तेल चोळून मांडीत ताकद येत नाही.

---

गंगावेस

वजनाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलते. माझं वजन ८० च्या पुढं आहे. डॉक्टर दर खेपेला म्हणतात वजन कमी करा आणि मी मान डोलावून घरी येते. गुडघे दुखतात म्हणून चालता येत नाही, चालत नाही म्हणून वजन वाढतं. यातून बाहेर कसं पडायचं ते कुणी सांगत नाही. शिवाय पायात कायम कोल्हापुरी चप्पल. सासरी सगळ्यांनाच त्याची सवय. त्याचा काही संबंध आहे का?

---

पायरी

ताई, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे.

वजनाचा हिशेब मोजलेला आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. दिवसाची पावलं धरा आणि बघा केवढा फरक पडतो. २०१३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ४५४ जणांना दीड वर्ष बघितलं. नुसता आहार, नुसता व्यायाम आणि दोन्ही मिळून, यांत दोन्ही मिळून करणाऱ्यांना सगळ्यात जास्त आराम पडला. त्यामुळं पाच किलोंपासून सुरुवात धरा, वीसचा विचार नको. आधी जेवणातून कमी करा, कारण ते बसल्या जागी जमतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर तरंगणारा कट बाजूला काढायचा, मटणाचे तुकडे खायचे. प्रथिनं हवीतच, स्नायू त्यांच्यावरच वाढतात. फिरून आल्यावर मिसळ-पाव हा नेम असेल तर तो आठवड्यातून एक दिवस.

तुम्हाला चालता येत नसेल तर पाण्यात सुरू करा. छातीइतक्या पाण्यात शरीराचा बराचसा भार पाणी पेलतं. पोहता यायची गरज नाही, कडेला धरून चालायचं, पाय मागं-पुढं करायचे. अंबाई टँकला किंवा जवळच्या कुठल्याही तलावात बायकांची वेळ कधी असते ते विचारून घ्या. ओल्या फरशीवर मात्र सांभाळून.

कोल्हापुरी चप्पल आपली शान आहे, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. लग्नाकार्याला जरूर घाला. पण फिरायला जाताना नको. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये गुडघ्याची झीज असलेल्यांवर एक चाचणी झाली. त्यात सपाट, लवचिक पादत्राणांपेक्षा टाचेला धरणाऱ्या भक्कम बुटांनी चालतानाचं दुखणं जास्त लोकांचं कमी झालं. चप्पल मागून मोकळी असते, पाऊल तिच्यात सरकत राहतं. साडीवर बूट बरे दिसत नाहीत म्हणून मागं पट्टा असलेली, जाड तळव्याची सँडल घ्या. तेवढंही पुरतं.

---

लेक पुण्यात

वडील ७६, उत्तरेश्वर पेठेत एकटे राहतात. आई गेल्यापासून बाहेर पडणं जवळजवळ बंद. व्यायामाचं सांगितलं की म्हणतात, "कशासाठी करू?" फिजिओ घरी पाठवला, तीन वेळा आला, चौथ्या वेळी बाबांनी दार उघडलं नाही. मला सांध्याहून त्यांच्या मनाची काळजी वाटते. काय करावं?

---

निवृत्त मास्तर

ताईंच्या आधी मी बोलतो, कारण ही अवस्था मी ओळखतो. मी ६८ वर्षांचा, गुडघे दोन्ही गेलेले, पत्नीच्या माघारी वर्षभर असाच बसून होतो. 'प्रकृतीसाठी व्यायाम करा' हे वाक्य त्या दिवसांत कानावर पडायचं आणि तिथंच राहायचं. प्रकृती सुधारून करायचं काय, हा प्रश्न खरा होता.

आमच्या भजनी मंडळातला एक जण रोज संध्याकाळी येऊन बसायचा. व्यायामाचं अवाक्षर काढायचा नाही. एकदा म्हणाला, मास्तर, गुरुवारी पखवाजाला माणूस नाही. मी म्हणालो, मला खाली बसवत नाही. तो म्हणाला, खाली कोण बसवतंय, चौरंगावर बसा. गेलो. चौरंगावरून उठताना दोघांनी काखेत हात घालून उठवलं आणि मला फार लागलं ते. घरी येऊन मी ठरवलं की तिथून आपलं आपण उठायचं. मग खुर्ची सुरू केली, त्यानंतर बुटकं स्टूल, त्यानंतर चौरंग. आज मी एकटा उठतो. एक हात गुडघ्यावर टेकवावा लागतो, पण दुसऱ्याचा हात लागत नाही.

बाबांना व्यायाम सांगू नका. ते काय करायचे आणि आता करत नाहीत, ते शोधा. कट्टा असेल, वाचनालय असेल, खासबागेतली कुस्ती बघणं असेल. तिथं नेणारा कुणीतरी गाठा. पाय आपोआप काम मागतील. विरंगुळा केंद्रात पत्ते खेळायला जाणंही चालतं, तिथवर चालावं तर लागतं.

---

पायरी

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी माझ्याकडच्या मंडळींना वाचून दाखवणार आहे.

यात एकच भर घालते. या रुग्णांची स्थिती मोजायला आम्ही वॉमॅक नावाची प्रश्नावली वापरतो. तिच्यात २४ प्रश्न आहेत. वेदनेचे पाच, ताठरपणाचे दोन, आणि उरलेले सतरा रोजच्या कामांचे : जिना, खुर्ची, बाजार, अंथरुणातून उठणं, मोजे घालणं. म्हणजे शास्त्रालाही सगळ्यात जास्त विचारावंसं वाटतं ते हेच, की तुम्हाला काय करता येतं. पण प्रश्नावली कोल्हापूरच्या माणसाला अंबाबाईचा गाभारा, पंगत, जोतिबाची चैत्र यात्रा विचारत नाही, ते घरच्यांनी विचारायचं. आणि लेक पुण्यात, बाबांची भूक, झोप खालावली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांशी मनाच्या उपचाराबद्दलही बोला. दीर्घ दुखणं आणि उदासी एकमेकांना वाढवतात, दोन्हींवर एकदम काम केलं तर दोन्ही उतरतात.

---

राजारामपुरी सातवी गल्ली

मास्तर 🙏 आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण नंतर विचारलं, चौरंग केवढा उंच होता म्हणून.

---

नागाळा पार्क

सविस्तर उत्तराबद्दल आभार. गोळ्या बंद करतोय. शेवटचा प्रश्न, सांधेबदल. मला एका ठिकाणी सांगितलं की व्यायामात वेळ घालवू नका, आत्ताच करून टाका, नंतर वय होईल.

---

पायरी

शस्त्रक्रिया वाईट नाही. रात्रीची झोप उडालीय, घरातल्या घरात चालवत नाही, व्यायाम, वजन, औषधं मनापासून करून झालीत, अशा माणसाला ती नवं आयुष्य देते. पण 'आत्ताच' हे गुडघा ठरवत नाही, तुमचं जगणं किती अडलंय त्यावरून ठरतं.

डेन्मार्कमध्ये शंभर रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१५ मध्ये छापून आली. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि तीन महिन्यांचा व्यायाम-आहार वगैरे कार्यक्रम, निम्म्यांना नुसता कार्यक्रम. वर्षअखेर शस्त्रक्रियावाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं, हे खरंच. पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त. आणि नुसत्या कार्यक्रमाच्या गटातल्या सुमारे पाऊण लोकांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली नाही. हे सगळे शस्त्रक्रियेला पात्र ठरलेले लोक होते, हे लक्षात घ्या. म्हणून तीन महिने तरी नेटानं द्या. नंतर शस्त्रक्रिया करावीच लागली तरी मांडीत ताकद घेऊन टेबलावर गेलेला माणूस लवकर उभा राहतो. दुर्बिणीतून सांधा नुसता धुऊन घ्यायचा सल्ला कुणी दिला तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. २००२ मध्येच एका चाचणीत दिसलं होतं की त्याचा परिणाम नुसती कातडीला चीर देऊन केलेल्या खोट्या शस्त्रक्रियेहून जास्त नसतो.

---

मंगळवार पेठ

वस्ताद हो म्हणाले. दुपारी चार ते पाच. खुर्च्या मंडळाच्या मांडवातल्या वापरायच्या, भक्कम हायत्या. बायकांना आठवड्यातनं तीन दिवस येगळी वेळ द्यायचं ठरलंय. ताई, पहिल्या दिवशी येऊन दाखवून जावा. आणि पाऊस लागला की रंकाळ्यावर शेवाळ असतंय, तवा चालायचं कुठं ते पण सांगा. आमच्यातली दोघं काठी घेऊन येणार, काठी कुठल्या हातात धरायची त्यावरनं त्यांचं भांडण चाललंय.

---

पायरी

नक्की येते. येणाऱ्यांना सांगून ठेवा, रक्तदाबाची गोळी रोजच्यासारखी घेऊन या, साखरेचं औषध घेणाऱ्यांनी उपाशी येऊ नका, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून या.

पावसाळ्यात ओल्या फरसबंदीवर जाऊच नका, पडून खुबा मोडला तर सगळंच बसतं. तालमीच्या हॉलमध्ये कडेकडेनं फेऱ्या मारा, दर फेरीला एकदा थांबून भिंतीला बोट टेकवून एका पायावर उभं राहा. तोलाचा व्यायाम तिथंच होतो.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय एकदमच पुढं टाकायचा. उंची अशी की सरळ उभं राहून हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर येतानाच बदलून आणायला सांगा.